ऐक्याच्या प्रार्थनासभेला पहिल्यांदा जाताना

मी नगरचा, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या घरातला. बायको वसईची, कॅथोलिक. लग्नानंतरच्या जानेवारीत सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या, आणि नेमकी त्याच आठवड्यात आमच्या चर्चमध्ये ऐक्याची, म्हणजे वेगवेगळ्या पंथांच्या ख्रिस्ती लोकांनी मिळून करायची, प्रार्थनासभा होती. सगळे उभे राहून प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूनं शिकवलेली प्रार्थना, म्हणू लागले. ‘आम्हांला वाइटापासून सोडव’ इथपर्यंत सासूबाई बरोबर होत्या. तिथं त्या थांबल्या आणि आम्ही सगळे ‘कारण राज्य, सामर्थ्य व गौरव’ म्हणत पुढं निघालो. त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं. चुकीच्या एसटीत बसल्यावर माणूस शेजारच्याकडं बघतो ना, अगदी तसं.

त्यानंतर दरवर्षी कुणाला ना कुणाला मी या सभेला घेऊन जातो. कधी दुसऱ्या पंथाचे नातेवाईक असतात, कधी ऑफिसातले हिंदू, बौद्ध मित्र. सगळ्यांचे प्रश्न तेच असतात: चप्पल काढायची का, कधी उठायचं, अर्पणाची पिशवी पुढं आली तर काय करायचं, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून देतात ती भाकर घ्यायची का. म्हणून हे एकदाचं लिहून काढतो आहे.

आधी सभा कोणती ते ओळखा

‘प्रार्थनासभा’ हा शब्द आपल्याकडं फार ढिला वापरतात. मैदानावरची चंगाईची (आजार बरे व्हावेत म्हणूनची) सभा, मंडळीतली म्हणजे एका चर्चच्या सभासदांतली बुधवारची घरगुती प्रार्थना, उपवास-प्रार्थना, कॅथोलिकांची नऊ दिवसांची नोव्हेना, सगळ्याला लोक हेच म्हणतात. मी सांगतोय ती ‘ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना सप्ताह’ याची सभा. हा सप्ताह दरवर्षी १८ ते २५ जानेवारीला असतो. तारखा उगाच ठरलेल्या नाहीत. १८ जानेवारीला चर्चच्या तेव्हाच्या पंचांगात येशूचा शिष्य पेत्र याच्या आसनाचा सण होता आणि २५ला प्रेषित पौलाच्या परिवर्तनाचा असतो. पॉल वॉटसन नावाच्या अमेरिकन धर्मगुरूंनी १९०८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रेमूर इथं या आठ दिवसांची प्रार्थना सुरू केली. ते तेव्हा अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, परंपरेत होते, पुढच्याच वर्षी कॅथोलिक झाले. त्यामुळे सुरुवातीच्या या प्रार्थनेत ‘सगळे रोमकडं परत या’ असा सूर होता. तो बदलला फ्रान्समधल्या लियाँचे फादर पॉल कुतुरिए यांनी, १९३०च्या दशकात. ख्रिस्ताला हवं तसं आणि त्याला हव्या त्या मार्गानं ऐक्य होवो, एवढंच मागा, असं त्यांचं म्हणणं होतं. हा फरक लहान वाटतो. पण आज प्रोटेस्टंट माणूस कॅथोलिक चर्चच्या बाकावर मोकळेपणानं बसतो त्याला हाच फरक कारण आहे. १९६८ पासून जागतिक चर्च परिषद आणि व्हॅटिकन मिळून या सप्ताहाचं साहित्य काढतात. दरवर्षी एखाद्या देशातला गट त्याचा मसुदा करतो.

२०१३ साली ही पाळी भारताची होती. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट ऑफ इंडियानं विषय घेतला बायबलमधल्या मीखा संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायातला, देव माणसाकडं नेमकं काय मागतो, आणि तो सरळ दलित ख्रिस्ती माणसाच्या प्रश्नाशी नेऊन भिडवला. म्हणजे आपल्याकडच्या मंडळ्यांत ज्यावर चहाच्या वेळीही कुणी बोलत नाही, तो विषय त्या वर्षी जगभरच्या चर्चमध्ये वाचला गेला.

जानेवारी हुकला तर मार्चचा पहिला शुक्रवार लक्षात ठेवा. त्या दिवशी स्त्रियांनी सुरू केलेला जागतिक प्रार्थना दिन असतो. त्याचीही प्रार्थना दरवर्षी वेगळ्या देशातल्या स्त्रिया लिहितात. महिला मंडळं ही सभा चालवतात, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा जानेवारीतल्या सभेपेक्षा जास्त जीव लावून चालवतात.

पत्ता आणि वेळ

या सभा बहुतेक संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर असतात. मोठ्या शहरात रोज वेगळ्या चर्चमध्ये, लहान गावात आठवड्यात एखादीच. रविवारी कुठल्याही चर्चच्या सूचनाफलकासमोर पाच मिनिटं उभे राहा, नाहीतर फादरांना (कॅथोलिक धर्मगुरू) किंवा पाळकसाहेबांना (प्रोटेस्टंट धर्मगुरू) फोन करा. फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या. सभा मराठीत आहे का? (मुंबई-पुण्यात ती इंग्रजीत असण्याची शक्यता बरीच.) त्या दिवशी नेमक्या कोणत्या चर्चमध्ये आहे? आणि फक्त प्रार्थना आहे की त्याला जोडून भाकर-प्याल्याचा विधी, म्हणजे कॅथोलिकांची मिस्सा किंवा प्रोटेस्टंटांचं प्रभुभोजनही आहे? तिसरा प्रश्न नवख्याला सुचत नाही, आणि पुढं पंचाईत त्याच्यावरूनच होते.

एकदा एका शहरात मी फलकावरचं नाव वाचून अर्धा तास आधी पोचलो आणि रिकाम्या चर्चमध्ये बसून राहिलो. त्याच संताच्या नावाचं दुसऱ्या पंथाचं चर्च दोन किलोमीटरवर होतं. सेंट पॉल, सेंट मेरी, होली ट्रिनिटी ही नावं गावात दोनदोनदा निघतात. रस्त्याचं नाव विचारा.

घरून निघताना

कपडे नेहमीचे, नीटनेटके. पांढरंच हवं असं काही नाही. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रार्थनेच्या वेळी बायका डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात. पाहुणीनं घेतली तर छान, नाही घेतली तर कुणी काही म्हणत नाही. पुरुषांनी टोपी काढायची. चपलांचं दाराशी बघून ठरवा: बाकं असतील तर चपला पायात राहतात, सतरंजी असेल तर बाहेर. सुट्टे पैसे जवळ ठेवा. फोन बंद करा. आठवण म्हणून एखादा फोटो काढायचाच असेल तर सभा संपल्यावर.

जमलं तर योहानाच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय वाचून जा. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू शिष्यांसाठी प्रार्थना करतो, आणि त्या सर्वांनी एक व्हावं असं मागतो. या सगळ्या आठवड्याचं मूळ तिथं आहे. दहा मिनिटांत वाचून होतो.

जे ख्रिस्ती नाहीत ते एक गोष्ट दबक्या आवाजात विचारतात: तिथं मला धर्म बदला म्हणतील का? या सभेत नाही. इथं जमलेलेच एकमेकांना आपल्या पंथात ओढायचं नाही असं ठरवून आलेले असतात. दुसऱ्या कुठल्या सभेत ‘ज्यांना प्रभूला स्वीकारायचंय त्यांनी हात वर करा’ असं म्हणतात, तिथंही शांत बसून राहायला काहीच हरकत नाही.

बसायचं कुठं

सगळ्यात मागच्या बाकावर बसू नका. संकोचानं माणूस तिथंच जातो आणि फसतो, कारण कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे हे पुढच्यांकडं बघून कळतं, आणि मागून खांबच दिसतो. मधल्या ओळीत, कडेला बसा. काही मंडळ्यांत पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला बसतात. आत शिरल्यावर दोन क्षण थांबून तेवढं बघून घ्या.

आपल्या चर्चचा गट घेऊन जात असाल तर एक विनंती. बारा जण एका बाकावर दाटीवाटीनं बसू नका. ऐक्याच्या सभेत डावीकडं कॅथोलिक, उजवीकडं सीएनआय, मागं मेथडिस्ट आणि खिडकीशी मुक्तीफौजेचे (सॅल्व्हेशन आर्मी) गणवेशातले चौघं, हे चित्र मी इतक्यांदा पाहिलंय की आता हसूही येत नाही.

सभा कशी पुढं सरकते

सुरुवातीला यजमान स्वागत करतात. नावं वाचण्यात वेळ जातो, जाऊ द्या. मग गीत. फळ्यावर किंवा माइकवरून ‘उपासना संगीत’मधला क्रमांक सांगतात. हे प्रोटेस्टंट मंडळ्यांचं गीतांचं पुस्तक. कॅथोलिकांची पुस्तकं वेगळी असतात, म्हणून या दिवशी बहुधा छापील कागद देतात. कागद कमी पडतोच. शेजाऱ्यासमोर धरा, ओळख तिथूनच सुरू होते.

गाण्यांवरून एक गोष्ट कानाला लगेच कळेल. एक गीत इंग्रजी चालीवर, ऑर्गनच्या संथ लयीत येतं, पुढचं पेटी-तबला-झांजांवर अभंगाच्या वळणानं. हे दुसरं वळण घडवण्यात नारायण वामन टिळकांचा मोठा हात. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १९१९ मध्ये ते गेले. तेवढ्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी ख्रिस्ती माणसाला वारकऱ्याच्या कानाला ओळखीचं वाटेल असं गाणं दिलं. कीर्तनाला जाणारा माझा एक मित्र पहिल्यांदा सभेला आला तेव्हा बाकी सगळा वेळ अवघडून बसला होता, पण असं एक भजन लागलं आणि दुसऱ्या कडव्यापासून त्याचा हात मांडीवर ठेका धरू लागला.

गीतानंतर पापांगीकार, म्हणजे आपली पापं कबूल करायची प्रार्थना, असते. या सभेत त्यात एक ओळ वेगळी असते: आम्ही एकमेकांपासून फुटलो, त्याबद्दलही क्षमा मागतो. मग वाचनं. प्रत्येक वाचन वेगळ्या पंथाच्या माणसानं करायचं अशी रीत असते. प्रवचनाला बहुतेक पाहुणा असतो, म्हणजे कॅथोलिक चर्चमध्ये प्रोटेस्टंट रेव्हरंड बोलतात आणि सीएनआयमध्ये फादर. प्रवचन लांबेल. पाहुण्याला वेळेचं भान करून देण्याची हिंमत यजमानात नसते.

नंतर विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारा ठरलेला पाठ, म्हणतात, कधी प्रेषितांचा, कधी निकियाचा. त्यात ‘पवित्र सार्वत्रिक मंडळी’ असे शब्द येतात. कुठल्या छापील कागदावर तिथं ‘कॅथोलिक’ असतं आणि प्रोटेस्टंट माणूस अडखळतो. गोंधळ होऊ देऊ नका, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच सार्वत्रिक, सगळ्यांची. २०२५च्या सप्ताहाचा विषय याच भोवती होता, कारण निकियाच्या पाठाचं मूळ जिथं आहे त्या इ. स. ३२५च्या निकिया परिषदेला १७०० वर्षं झाली. पुण्या-मुंबईच्या सभेत केरळचे ऑर्थोडॉक्स लोक असतील तर पवित्र आत्म्याच्या ओळीकडं कान द्या. पश्चिमेकडच्या चर्चनी तिथं ‘आणि पुत्रापासून’ असे शब्द नंतर घातले. ऑर्थोडॉक्स ते म्हणत नाहीत. एवढ्या दोन शब्दांवर शतकानुशतकं वाद झाला, आणि इथं तो एका श्वासाएवढ्या शांततेत ऐकू येतो.

मग मध्यस्थीची प्रार्थना: देशासाठी, आजाऱ्यांसाठी, पावसासाठी. कॅथोलिक आणि सीएनआयमध्ये ती बहुधा लिहिलेली असते आणि प्रत्येक मागणीनंतर सगळे मिळून उत्तर देतात. मेथडिस्ट किंवा अलायन्स मंडळीचा माणूस उभा राहिला की मनातलं बोलू लागतो, आणि पेंटेकॉस्टल गट असेल तर सगळे एकाच वेळी मोठ्यानं. पहिल्यांदा हे ऐकून दचकायला होतं. पण हे काही परवा टीव्हीवरून आलेलं नाही. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली अशाच मोठ्या आवाजात, रडत, तासन्‌तास प्रार्थना करत होत्या. जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात त्या घटनेचं नाव घेतलं जातं. दौंडजवळचं आपलं केडगाव!

‘कुणाला दोन शब्द प्रार्थना करायची असेल तर’ असं विचारलं आणि तुम्हाला वाटलं, तर करा. तीन वाक्यं पुरतात. नाही वाटलं तर मान खाली घालून बसा, तेही चालतं. एक मात्र टाळा: प्रार्थनेच्या आडून प्रवचन. ‘हे प्रभू, काही लोक मूर्तींपुढं वाकतात, त्यांचे डोळे उघड’ असं शेजारी बसलेल्या कॅथोलिक आजींना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणणारे मी पाहिलेत. देवाला पत्ता ठाऊक आहे, असं टपाल शेजाऱ्याच्या दारात टाकू नये.

प्रभूची प्रार्थना

हा त्या संध्याकाळचा सगळ्यात महत्त्वाचा भाग, निदान माझ्यासाठी. सगळ्यांना पाठ असते आणि कुणाचीच तंतोतंत सारखी नसते. कुणी ‘ऋण’ म्हणतं, कुणी ‘अपराध’. कुणी ‘मानिले’, कुणी ‘मानले’. प्रत्येक जण लहानपणी आईनं शिकवलेलं म्हणत असतो, आणि आवाज एकमेकांना चुकवत, पुन्हा गाठत पुढं जातात. काही यजमान हे टाळायला कागदावर एकच पाठ छापतात. माझं मत विचाराल तर तसं करू नये. छापील पाठ वाचताना सगळ्यांच्या माना कागदात जातात आणि आवाज बारीक होतो.

सासूबाई थांबल्या ती जागा अशी. कॅथोलिक मिस्सेत ‘वाइटापासून सोडव’नंतर फादर एकटे एक छोटी प्रार्थना म्हणतात, आणि मग लोक ‘राज्य, सामर्थ्य व गौरव’ म्हणतात. प्रोटेस्टंट उपासनेत मध्ये खंड नसतो. ही प्रार्थना ज्यात आहे त्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ही शेवटची ओळ नाही, म्हणून मराठी बायबलमध्येही ती कंसात दिसते. तेव्हा तुम्ही कॅथोलिक असाल आणि बाकीचे पुढं निघाले, तर बिनधास्त सोबत म्हणा, ओळ तुमचीही आहे. प्रोटेस्टंट असाल आणि कॅथोलिक चर्चमध्ये असाल, तर ‘सोडव’पाशी एक श्वास थांबा आणि पुढचे काय करतात ते ऐका. हिंदू, बौद्ध, मुसलमान मित्रांनी नुसतं उभं राहिलं तरी पुष्कळ.

यानंतर शांतिदान. शेजाऱ्याकडं वळून ‘प्रभूची शांती तुम्हांबरोबर असो’ म्हणायचं. हात मिळवतात किंवा नमस्कार करतात. समोरचा काय करतो ते बघा, अनोळखी बाईमाणसाला नमस्कारच बरा. अर्पणाची पिशवी येते तेव्हा जमेल ते टाका. नसेल टाकायचं तर पिशवी पुढं द्या. आत कुणी वाकून बघत नाही, खजिनदार सोडून.

भाकर आणि प्याला

ऐक्याच्या सभेत बहुतेक वेळा प्रभुभोजन नसतं, कारण तेच अजून एकत्र घेता येत नाही. सभा मिस्सेला जोडून असेल तर नियम असा: कॅथोलिक चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली भाकर) कॅथोलिकांनीच घ्यायचा. बाकीच्यांनी बाकावर बसून राहायचं. काही ठिकाणी छातीवर हातांची फुली करून रांगेत गेलात तर फादर आशीर्वाद देतात, पण तशी पद्धत तिथं आहे का हे आधी विचारा. सीएनआयमध्ये इतर मंडळ्यांच्या बाप्तिस्मा झालेल्या, आपल्या चर्चमध्ये प्रभुभोजन घेणाऱ्या सभासदांना सहसा बोलावतात. कॅथोलिकांना मात्र त्यांच्याच चर्चचा नियम तिथं ते घेऊ देत नाही. ख्रिस्ती नसलेल्यांनी कुठंच घेऊ नये. तो देवळातल्या प्रसादासारखा सगळ्यांना वाटायचा नसतो. कुणी चुकून तळहातावर ठेवलाच तर खिशात घालू नका, शांतपणे परत द्या.

माझी बायको आणि मी एकाच बाकावर बसतो. तिच्या चर्चमध्ये ती उठते, मी बसतो. माझ्या चर्चमध्ये मी उठतो, ती बसते. ऐक्याच्या प्रवचनांत यावर कुणी फारसं बोलत नाही. पण दुखतं ते इथंच, आणि प्रार्थना कशासाठी चाललीय ते बाकावर एकटं बसल्यावर नीट कळतं.

चहा

आशीर्वादानंतर लगेच सटकू नका. आवारात चहा असतो, सोबत बिस्किटं, नशीब असेल तर सामोसा. कॅथोलिक धर्मगुरूंना ‘फादर’, धर्मभगिनींना (नन) ‘सिस्टर’, प्रोटेस्टंट धर्मगुरूंना ‘पाळकसाहेब’ किंवा ‘रेव्हरंड’ म्हणा. पाळकबाईही असतात, त्यांना ‘मॅडम’ म्हटलेलं चालतं. ‘जय ख्रिस्त’ म्हणून कुणी हात जोडले तर ‘जय ख्रिस्त’ किंवा साधा नमस्कार.

दोन प्रश्न टाळा. पहिला, ‘तुम्ही कॅथोलिक का ख्रिश्चन?’ महाराष्ट्रात हा सर्रास विचारतात, पण कॅथोलिकही ख्रिश्चनच. ‘कोणत्या चर्चचे?’ असं विचारा. दुसरा, ‘आधीचे कोण तुम्ही?’ नगर जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांनाही हा प्रश्न चुकत नाही, आणि त्यात काय विचारलं जातंय ते सगळ्यांना कळतं.

विचारायचंच असेल तर जुन्या लोकांना नागपूरबद्दल विचारा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथं सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं: अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेचं युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रेदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट शेवटच्या घटकेला बाहेर राहिले, म्हणून आजही एकाच गावात दोन पाट्या दिसतात. कॅथोलिक वयस्करांना १९६४च्या आधीचं विचारा. त्या वर्षी व्हॅटिकनच्या परिषदेनं ऐक्यावरचा आदेश काढला. त्याआधी दुसऱ्यांच्या उपासनेत भाग घ्यायला त्यांना मनाईच होती.

त्या पहिल्या वर्षी चहाच्या वेळी सासूबाईंनी आमच्या पाळकसाहेबांना गाठलंच. ‘ते शेवटचं आम्ही पण म्हणतो हां,’ त्या म्हणाल्या, ‘पण फादरांचं झाल्यावर. तुम्हांला घाई फार.’ पाळकसाहेब म्हणाले, ‘उद्या मेथडिस्ट चर्चमध्ये आहे सभा, या. तेही घाईच करतात.’ त्या गेल्या.

जाण्याआधी फलकावरच्या पुढच्या दिवसांच्या यादीचा फोटो काढून घ्या. शेवटची सभा कुठं आहे हे बघून ठेवा, त्या दिवशी जेवण असतं.